पाणी कोणी सोडले? संक्षेप, स्पष्टता आणि हरवलेला कर्ता

लेखन नेटके कसे करावे, या विषयावरच्या पाठांत साधारणपणे नियम दिलेले असतात. वाक्ये लहान लिहा, अवघड शब्द टाळा, पुनरुक्ती करू नका. हे नियम चुकीचे नाहीत. पण ते पाळूनही लेखन धूसर राहू शकते, आणि मोडूनही ते लख्ख असू शकते. असे का होते, ते या पाठात एका परिच्छेदाच्या आधारे पाहू.

हा परिच्छेद मीच रचलेला आहे. कोणत्याही पुस्तकातून वा अहवालातून तो घेतलेला नाही. तरीही वाचताना तुम्हाला तो ओळखीचा वाटेल, कारण अशी वाक्ये आपण रोज वाचतो, आणि प्रकल्प-अहवाल लिहायची वेळ आली की आपणही अशीच लिहितो. विषय चेन्नईचा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये या शहरात मोठा पूर आला होता, आणि पर्यावरण, भूगोल किंवा स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या पुरावर टिपण लिहायला अनेकदा सांगितले जाते. असे एक टिपण समजा असे आहे:

"डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई महानगरात मोठ्या प्रमाणात अतिवृष्टी झाल्याच्या पार्श्वभूमीवर चेंबरंबाक्कम जलाशयाच्या पाणीपातळीत लक्षणीय स्वरूपात वाढ झाल्याने सदर जलाशयातून अड्यार नदीच्या पात्रात पाण्याचा विसर्ग करण्यात आला. त्यामुळे नदीकाठच्या परिसरात पूरसदृश परिस्थिती निर्माण झाल्याचे दिसून आले. प्रशासनाच्या माध्यमातून बाधित नागरिकांचे सुरक्षित स्थळी स्थलांतर करण्यात आले व त्यांना आवश्यक त्या सर्व सुविधा उपलब्ध करून देण्यात आल्या."

व्याकरणाची चूक यात नाही. शुद्धलेखनही ठीक आहे. परीक्षक बहुधा गुण देतील. आणि वाचून झाल्यावर तुमच्या हाती काय राहते, हे स्वतःला विचारून पाहा. पाऊस पडला, पाणी सोडले, पूर आला, लोकांना हलवले. एवढेच ना?

पहिली काटछाट

मग एवढेच लिहू. 'मोठ्या प्रमाणात अतिवृष्टी' यातले पहिले दोन शब्द आधी काढू, कारण 'अति' म्हणजेच मोठ्या प्रमाणात. 'लक्षणीय स्वरूपात वाढ झाल्याने' याचे 'वाढल्याने' होते. 'पाण्याचा विसर्ग करण्यात आला' म्हणजे 'पाणी सोडले'. 'स्थलांतर करण्यात आले' म्हणजे 'हलवले'. 'सदर' लागत नाही, कारण दुसरा कोणता जलाशय वाक्यात आलेलाच नाही.

'पूरसदृश परिस्थिती' या शब्दापाशी मात्र थोडे थांबू. सदृश म्हणजे सारखे. पुरासारखी परिस्थिती म्हणजे पूर नव्हे, पुराच्या जवळपासचे काहीतरी. ज्यांच्या घरात छातीएवढे पाणी आले त्यांना हा फरक समजावून सांगणे अवघड आहे. हा शब्द वृत्तपत्रांतून आणि सरकारी पत्रकांतून आपल्याकडे आला. पूर अधिकृतपणे जाहीर करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांच्यासाठी तो सोयीचा असेल. विद्यार्थ्याला त्याची गरज नाही. पूर आला असेल तर 'पूर आला' असे लिहावे.

काटछाट केल्यावर हाती येते ते असे:

"डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत अतिवृष्टी झाली. चेंबरंबाक्कम जलाशय भरल्याने अड्यार नदीत पाणी सोडले. त्यामुळे काठावर पूर आला. लोकांना सुरक्षित जागी हलवले आणि सर्व सोयी पुरवल्या."

मूळ परिच्छेदात ५४ शब्द होते, इथे २५ आहेत. निम्म्याहून अधिक गेले आणि माहितीचा एक कणही गमावला नाही. लेखनाच्या बहुतेक मार्गदर्शिका इथे थांबतात आणि विद्यार्थ्याची पाठ थोपटतात. माझी खरी तक्रार इथून पुढे सुरू होते.

माहितीचा कण गमावला नाही, कारण गमावण्यासारखी माहिती मुळात फारशी नव्हतीच. पाणी सोडले, पण कोणी? किती? कधी? काठावरच्या लोकांना आधी कळवले होते का? मूळ परिच्छेद लांबलचक असल्यामुळे ही पोकळी त्यात झाकून गेली होती. छोटा परिच्छेद तीच पोकळी अधिक चटपटीतपणे झाकतो. 'पाणी सोडले' या दोन शब्दांत कोणतेही खाते नाही, कोणताही अधिकारी नाही, कोणताही निर्णय नाही. जणू पाण्याला आपले आपणच सुटावेसे वाटले.

'पॅसिव्ह टाळा' हा सल्ला मराठीत का चालत नाही

इंग्रजी लेखन शिकवणारी पुस्तके एक सल्ला हमखास देतात: पॅसिव्ह व्हॉइस टाळा. मराठीत लेखन शिकवणारेही तो जसाच्या तसा उचलतात आणि 'कर्मणी प्रयोग टाळा' असे सांगतात. हा सल्ला मराठीला लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे समजून घेण्यातच या पाठाचा अर्धा भाग आहे.

शाळेतले व्याकरण आठवा. 'रामाने आंबा खाल्ला' हा कोणता प्रयोग? कर्मणी. क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पोळी असती तर 'खाल्ली' झाले असते. पण राम कुठे लपला आहे का? तो वाक्याच्या सुरुवातीला, 'ने' हा प्रत्यय लावून, ठळक उभा आहे. मराठीत भूतकाळातले सकर्मक वाक्य साधारणपणे असेच असते. 'खात्याने दरवाजे उघडले', 'मच्छीमारांनी होड्या आणल्या', 'महापालिकेने सूचना दिली' ही सगळी कर्मणी वाक्ये आहेत आणि सगळ्यांत करणारा समोर आहे. 'मच्छीमारांनी लोकांना बाहेर काढले' हा भावे प्रयोग. त्यातही करणारा समोरच आहे. कर्मणी टाळायचे ठरवले तर भूतकाळात कोणी काय केले हे मराठीत सांगताच येणार नाही.

तेव्हा अडचण प्रयोगाची नाही. ती दोन ठिकाणी आहे. एक, '-ण्यात आले', '-ण्यात येत आहे', '-ण्यात येईल' या ठेवणीत. तिच्यात कर्त्याला जागाच उरत नाही. 'खात्याने पाणी सोडण्यात आले' असे म्हणता येत नाही. 'खात्याकडून' किंवा 'खात्यातर्फे' अशी कुबडी घ्यावी लागते, आणि बहुतेक लेखक तीही घेत नाहीत. दुसरी अडचण अधिक छुपी आहे. मराठी वाक्यातून कर्ता सहज गाळता येतो. 'लोकांना हलवले', 'सोयी पुरवल्या' ही वाक्ये आपल्या कानाला पूर्ण वाटतात. बोलताना हे चालते, कारण समोरच्याला संदर्भ माहीत असतो. 'जेवण आणलं का?' असे आईने विचारले तर कोणी आणायचे होते हे घरात सर्वांना ठाऊक असते. लिहिताना वाचकाला काहीच ठाऊक नसते. म्हणून छोटे, घरगुती, क्रियापदाने भरलेले वाक्यही तेवढेच मुके असू शकते.

हे ध्यानात ठेवून आता तिसरा मसुदा पाहा. यासाठी शब्दांशी खेळून भागत नाही. उठून जाऊन माहिती काढावी लागते.

"१ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईच्या दक्षिण उपनगरांत मुसळधार पाऊस झाला, तांबरमला २४ तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पडला. नोव्हेंबरच्या पावसाने चेंबरंबाक्कम जलाशय आधीच बराच भरला होता. जलाशय सांभाळणाऱ्या सार्वजनिक बांधकाम खात्याने त्या दिवशी विसर्ग वाढवत सेकंदाला २९,००० घनफुटांपर्यंत नेला. हे पाणी आणि वाटेतल्या इतर तलावांचे जादा पाणी मिळून अड्यार नदी पात्राबाहेर आली आणि सैदापेट, कोट्टूरपुरमसारख्या वस्त्यांत शिरली."

शब्द मोजा. ५६ भरतात, म्हणजे पहिल्या फुगलेल्या परिच्छेदापेक्षा दोन जास्तच. आणि अजून लोकांना कोणी हलवले तिथपर्यंत आपण पोचलेलोही नाही. तरी हा मसुदा त्या परिच्छेदापेक्षा आटोपशीर वाटतो, कारण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द काहीतरी सांगतो. आटोपशीरपणा शब्दसंख्येत मोजता येत नाही. वाचकाला दर शब्दामागे काय मिळाले, यावर तो ठरतो.

आणखी एक फरक नजरेतून सुटू देऊ नका. पहिल्या दोन्ही मसुद्यांत 'त्यामुळे' हा शब्द होता: पाणी सोडले, त्यामुळे पूर आला. तिसऱ्यात तो नाही. कारण 'त्यामुळे' हे नुसते जोडणीचे अव्यय नाही, तो एक दावा आहे, आणि नेमका हाच दावा त्या पुरानंतर वर्षानुवर्षे वादात राहिला. जलाशयातून पाणी सोडण्याच्या पद्धतीवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी गंभीर आक्षेप घेतले. त्यांचा अहवाल २०१८ मध्ये तमिळनाडू विधानसभेत मांडला गेला. राज्य सरकारचे म्हणणे होते की विसर्ग टप्प्याटप्प्याने, नियमांप्रमाणे वाढवला होता आणि पाऊसच असाधारण होता. अड्यारला केवळ चेंबरंबाक्कमचे पाणी येत नाही, वरच्या अंगाच्या पुष्कळ तलावांचेही येते, हे तिसरे. या वादात तुम्ही कोणत्याही बाजूला असा. पण ज्याने 'करण्यात आला' आणि 'त्यामुळे' असे लिहिले, त्याने वाद असल्याचे कळण्याआधीच तो मिटवून टाकला: करणारा गाळला, आणि कारण मात्र ठरवून टाकले.

आता लोकांना हलवण्याविषयी. 'प्रशासनाच्या माध्यमातून बाधित नागरिकांचे स्थलांतर करण्यात आले.' त्या दिवसांत लष्कर आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांनी काम केले, हे खरे. पण किनाऱ्यावरचे मच्छीमारही आपल्या होड्या घेऊन पाण्याखालच्या वस्त्यांत शिरले आणि त्यांनी माणसे बाहेर काढली. कॉलेजातली तुमच्या वयाची मुले-मुली अन्न आणि औषधे पोचवत फिरत होती. 'च्या माध्यमातून' या एका लकबीने हे सगळे पुसले गेले. कर्ता गाळल्याने जबाबदारी लपते, असे आपण नेहमी म्हणतो. श्रेयही लपते, हे कमी वेळा म्हटले जाते. आणि 'आवश्यक त्या सर्व सुविधा' याविषयी एवढेच म्हणतो की 'सर्व' हा शब्द लिहिणाऱ्याने यादी पाहिलेली असावी.

थोडे असणे आणि कळणे

संक्षेप म्हणजेच स्पष्टता, हा समज किती खोलवर आहे ते चेन्नईत राहणाऱ्याला रोज दिसते. इथल्या सरकारी बसमध्ये चढलात तर आत कुठेतरी तिरुक्कुरळमधली एक द्विपदी लिहिलेली दिसते. वळ्ळुवरांच्या या ग्रंथात १३३ प्रकरणे आहेत, प्रत्येकात दहा, अशा १,३३० द्विपदी. प्रत्येकीचे माप ठरलेले: पहिल्या ओळीत चार चरणक, दुसरीत तीन. सात चरणकांत एक संपूर्ण विचार. जगातल्या कोणत्याही भाषेला हेवा वाटावा अशी ही काटकसर आहे.

पण ही काटकसर कोणाच्या खर्चाने होते? कुरळवर परंपरेने दहा जुने टीकाकार मोजले जातात, आणि त्यांतल्या परिमेलळगरांच्या टीकेशिवाय कुरळ शिकणे आजही कठीण मानतात. मूळ ओळी दोन, त्यांचा अर्थ उलगडायला परिच्छेद. संस्कृतातल्या सूत्रग्रंथांचेही तेच. पाणिनीची सूत्रे सुमारे चार हजार. त्यांच्यामागे वार्तिके, महाभाष्य आणि पुढची शतकानुशतकांची टीका. सूत्र हे ज्याला विषय येतो त्याने लक्षात ठेवण्यासाठी असते. ज्याला विषय यायचा आहे त्याच्यासाठी भाष्य असते. काव्याला आणि सूत्राला हा सौदा परवडतो. तुमच्या प्रयोगवहीला, अर्जाला, निबंधाला परवडत नाही, कारण त्यांच्यासोबत टीकाकार जात नाही.

साने गुरुजींना हा प्रश्न प्रत्यक्ष भोगावा लागला असणार. स्वातंत्र्यचळवळीत तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात असताना दक्षिणेकडच्या सत्याग्रहींच्या सहवासात ते तमिळ शिकले आणि पुढे त्यांनी कुरळ मराठीत आणला. तमिळमध्ये प्रत्ययांनी गुंफलेल्या एका शब्दात जे बसते ते मराठीत उकलून लिहावे लागते. तिथे भाषांतरकाराने मूळच्या मापाला चिकटून राहावे की मराठी वाचकाला कळेल एवढी जागा घ्यावी? माझे मत स्पष्ट आहे: ज्याला मूळ वाचता येत नाही त्याच्यासाठी लिहायचे, तर जागा घ्यावी. कमी शब्दांचा मान वाचकाच्या मानापेक्षा मोठा नाही.

मराठी गद्याची जुनी सवय

कोणी म्हणेल, हा कार्यालयी फुगारा हाच मराठी गद्याचा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. तसे नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतले हे आरंभीचे गद्य उघडून पाहा. वाक्ये आखूड आहेत. कोण कुठे गेले, कोण काय बोलले, कोणी काय वाढले, हे सरळ सांगितलेले आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकाच प्रसंगाची आठवण दोघांनी वेगळी सांगितली असेल, तर तो फरकही नोंदवण्याची या परंपरेत पद्धत आहे. 'असे दिसून येते' म्हणून ती मोकळी होत नाही. कोणाला तसे दिसले हे ती सांगते. सातशे वर्षांपूर्वीच्या भक्तांना जे जमले ते आपल्या संशोधन-प्रकल्पांना जमू नये, हे जरा लाजिरवाणे आहे.

आणि लांब वाक्य म्हणजे वाईट वाक्य, असेही समजू नका. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. त्यांची वाक्ये कधीकधी अर्धे पान चालतात. जॉन्सन आणि मेकॉले हे त्यांचे आवडते लेखक. त्या घडणीची छाया त्यांच्या गद्यावर आहे. (यांतला मेकॉले १८३४ मध्ये हिंदुस्थानात पहिल्यांदा उतरला तो मद्रासच्या किनाऱ्यावर, म्हणजे आपल्या या चेन्नईतच.) लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात लिहिलेली शतपत्रे याच्या अगदी उलट: घाईची, तुटक, बोलण्यासारखी. त्यांच्या विचारांवर आणि भाषेवर चिपळूणकरांनी कडक टीका केली. भाषेपुरते बोलायचे तर आज दोन्ही वाचताना मला लोकहितवादी अधिक जवळचे वाटतात आणि चिपळूणकर अधिक सुबक. पण अस्पष्ट दोघांपैकी कोणीच वाटत नाही. चिपळूणकरांच्या अर्ध्या पानाच्या वाक्यातही कोण कोणाविषयी काय म्हणते आहे, हे शेवटपर्यंत हातातून निसटत नाही. वाक्याची हाडे नीट जोडलेली असली की ते लांब असून चालते. गोपाळ गणेश आगरकरांनी तर १८८८ मध्ये 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तकच लिहिले. समाजसुधारणेसाठी भांडणाऱ्या संपादकाला वाक्य सोडवून दाखवण्यावर पुस्तक लिहावेसे वाटले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

मग '-ण्यात आले' एवढे पसरले कसे? माझा तर्क असा. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला. इंग्रजी पदनामांना आणि संज्ञांना मराठी प्रतिशब्द मिळाले. शब्दांवर खूप मेहनत झाली, आणि ती चांगली झाली. वाक्यांवर तेवढी झाली नाही. इंग्रजी फायलीतले अनामिक, कोणाचेही नाव न घेणारे वाक्य मराठी शब्द लेवून तसेच बसून राहिले. फायलीतून ते वृत्तपत्रात गेले, वृत्तपत्रातून पाठ्यपुस्तकात, तिथून तुमच्या वहीत. आता यंत्राने केलेली भाषांतरे आली आहेत. व्याख्यान चेन्नईत इंग्रजीतून होते आणि त्याची मराठी टिपणे गडचिरोलीत वाचता येतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण यंत्र बहुधा तेच लिहिते जे आपण आजवर सर्वांत जास्त लिहिले. म्हणून अशी टिपणे वाचताना प्रत्येक 'केले जाते'पाशी थांबून विचारा: कोण करते? अभियंता, यंत्र, सूत्र, की निसर्ग? उत्तर देता आले नाही तर तो भाग तुम्हाला कळलेला नाही, किंवा लिहिणाऱ्याला कळलेला नव्हता.

कुठे चालते

एवढे झाल्यावर विद्यार्थी हमखास दुसऱ्या टोकाला जातात आणि '-ण्यात आले' दिसले की लाल रेघ मारतात. तसे करू नका. 'नमुना ६० अंश सेल्सिअसला दोन तास तापवण्यात आला' हे वाक्य प्रयोगवहीत योग्य आहे. तापवणारा कोण होता याने निकाल बदलत नाही. 'घराचे दार फोडण्यात आले होते' हेही योग्य, कारण फोडणारा अजून सापडलेला नाही. माहीत नसलेला कर्ता न लिहिणे हा प्रामाणिकपणा आहे. माहीत असलेला गाळणे ही वेगळी गोष्ट. 'दिसून आले' हे तुम्ही खरोखर पाहिले असेल तर लिहा, आणि कुठे, किती वेळा, हेही लिहा.

'माध्यमातून', 'पार्श्वभूमीवर', 'संदर्भात', 'अनुषंगाने' या चौघांविषयी मी एवढा उदार नाही. दहापैकी नऊ वेळा त्यांच्या जागी एखादा साधा विभक्तिप्रत्यय किंवा 'मुळे', 'साठी', 'विषयी' बसतो. दहाव्या वेळी वाक्य मुळापासून नव्याने लिहावे लागते, आणि तेव्हा लक्षात येते की पाऊस आणि विसर्ग यांचा संबंध काय, हे आपण ठरवलेच नव्हते. 'पार्श्वभूमीवर' म्हणून दोघांना शेजारी बसवले होते इतकेच.

स्वाध्याय

खालची सूचना काल्पनिक आहे. समजा ती तुमच्या महाविद्यालयाच्या फलकावर लागली आहे आणि तिच्यातल्या यादीत तुमचे नाव आहे.

"शिष्यवृत्तीसंदर्भात प्राप्त अर्जांची छाननी करण्यात आली असून अपूर्ण कागदपत्रांच्या अनुषंगाने काही अर्ज नामंजूर करण्यात आले आहेत. तरी संबंधितांनी विहित मुदतीत आवश्यक ती कार्यवाही करावी."

आधी ही सूचना शक्य तितक्या कमी शब्दांत लिहा. मग बाजूला ठेवा आणि एक वेगळी यादी करा: छाननी कोणी केली, कोणता कागद कमी पडला, मुदत कोणत्या तारखेला संपते, कागद कोणत्या खोलीत कोणाकडे द्यायचा, आणि निर्णय पटला नाही तर कोणाला भेटायचे. यांतली जी उत्तरे सूचनेत नाहीत ती कार्यालयात जाऊन विचारावी लागतील, असे समजा आणि ते प्रश्न पूर्ण वाक्यांत लिहा. प्रत्येक वाक्यात 'कोणी' किंवा 'कोणाकडे' असलेच पाहिजे. शेवटी ती उत्तरे मिळाली आहेत असे धरून सूचना पुन्हा लिहा, आणि तुमच्या वर्गातल्या अशा एकाला वाचायला द्या ज्याच्या घरी आजवर कोणी कॉलेजात गेलेले नाही. त्याने परत येऊन तुम्हाला काय विचारले, ते खाली लिहून ठेवा.